उत्तर बदलायचं नाही

"आत्या, बाबा उठत नाहीत," श्रीकांत फोनवर म्हणाला आणि मी सवयीनं बोलून गेले, "चहाचा वास आल्याशिवाय तो कधी उठलाय?" पलीकडून काहीच ऐकू येईना, तेव्हा मला कळलं. बुधवारची दुपार होती. भाऊ व्यवस्थित जेवला होता, ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी. ताटात काही टाकलं नव्हतं. मग "जरा पडतो" म्हणाला आणि पडला तो पडलाच. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला याहून सोपं मरण मागून मिळत नाही, हे मला पटतं. तरी हैदराबादच्या काचीगुड्यातल्या माझ्या घरापासून दोन गल्ल्या ओलांडून त्याच्याकडे जाताना मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडतच होते... अरे, जाताना सांगून जावं, एवढं तरी आपल्याला आईनं शिकवलं होतं ना?

घरात माणसं जमली. दिवस मावळायच्या आत उरकावं, असं दोघातिघांचं म्हणणं पडलं. अशा वेळी मागं बसून डोळे पुसणाऱ्यातली मी नव्हे. "पद्मा आल्याशिवाय भाऊ हलणार नाही," असं मी सांगून टाकलं. पद्मा म्हणजे त्याची सून, श्रीकांतची बायको. ती आंध्र सरकारच्या नोकरीत आहे आणि आठवडाभर विजयवाड्याकडे असते. तिला निरोप गेला होता, कुणा सहकाऱ्याच्या गाडीतून ती निघाली होती, पण पोचेपर्यंत रात्र होणार होती. आमच्या एका लांबच्या नातलगाला राहवलं नाही. "मुलगा आहे, बहीण आहे, आता सुनेसाठी रात्रभर थांबायचं?" असं ते पुटपुटले. मी तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण ते दोन वाक्यांत देण्यासारखं नव्हतं. भाऊला जाऊन आता काही आठवडे झालेत, मन जाग्यावर आलंय, म्हणून ते आज सावकाश देते.

भाऊचं नाव गोविंद. पण मी त्याला भाऊ म्हणायची म्हणून गल्लीनंही त्याला भाऊच करून टाकलं. शहरातल्या एका मराठी शाळेत त्यानं सारी नोकरी इतिहास शिकवण्यात घालवली. पानिपत शिकवताना तो मुलांना रडवायचा आणि पेपर तपासून परत देताना पुन्हा एकदा रडवायचा. मुलानं उत्तराच्या आजूबाजूला प्रदक्षिणा घालावी आणि अर्धा मार्क मागावा, हे त्याला चालत नसे. "चूक ते चूक. त्याला पाव-अर्धा काय?" हे त्याचं वाक्य आमच्या घरात इतकं चाले की भाजीत मीठ कमी पडलं तरी वहिनी तेच म्हणायची. त्याची पहिली शाळा उर्दू. त्यामुळे तो पाढे मनात उर्दूत म्हणायचा, हिशेब तोंडानं मराठीत सांगायचा आणि भाजीवाल्याशी तेलुगूत हुज्जत घालायचा. तिन्ही ठिकाणी त्याला आपणच बरोबर आहोत याची खात्री असे.

वहिनी गेली आणि हा बोलका माणूस गप्प झाला. पद्मा तेव्हा घरात येऊन बरीच वर्षं झाली होती, नात मनू शाळेत जात होती, पण सासरा आणि सून यांच्यात पाहुण्यांसारखी अदब होती. ती गुंटूरकडची. मराठी शिकली, पण तिच्या मराठीला तेलुगूचा हेल. आणि भाऊला ती मामंजी न म्हणता तिच्या माहेरच्या रीतीनं 'मामय्या' म्हणायची. "मामय्या, जेवायला वाढू?" "हौ, वाढ." एवढ्यावर दिवस संपायचा. वहिनी असताना दोघांच्या मधला पूल तीच होती, आणि ती गेल्यावर दोघांनाही हाक कशी मारावी ते सुचेनासं झालं. श्रीकांतकडून तर काही अपेक्षाच नव्हती. माझा भाचा सोन्यासारखा मुलगा आहे, पण दोन माणसांत बोलणं लावून देणं त्याच्या पत्रिकेत नाही.

ते काम टीव्हीनं केलं. एका तेलुगू वाहिनीवर रोज संध्याकाळी सामान्यज्ञानाचा एक कार्यक्रम लागायचा. त्याची गंमत अशी की जोडी एकाच घरातली हवी, पण दोन पिढ्यांची. आजी-नातू, बाप-लेक, मावशी-भाची, अशा जोड्या येत. भाऊ हॉलमध्ये बसून निवेदकाच्या आधी उत्तर देऊन मोकळा व्हायचा, अगदी मोठ्यानं, जणू वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज जायला हवा. नद्या, राजे, लढाया, तह यांत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण सिनेमा, क्रिकेट आणि कुठल्या खात्याचा मंत्री कोण असलं काही आलं की तो चष्मा पुसत बसायचा. एका संध्याकाळी असाच प्रश्न आला आणि स्वयंपाकघरातून पद्माचा आवाज आला. उत्तर बरोबर निघालं. भाऊनं मान वळवून दाराकडं पाहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झालं. मग तो रोजचा खेळच झाला... सासरा हॉलमध्ये, सून ओट्याशी आणि मधल्या दारातून उत्तरं. मी संध्याकाळी गेले की मला चहा मिळेनासा झाला, इतकी ती दोघं रंगायची. "जाहिरात लागू दे सुधा, मग ठेवते ती," असं मला माझाच भाऊ सांगायचा!

हे दिवस कसले होते ते सांगायला हवं. तेलंगण वेगळं होणार, होणार म्हणता म्हणता झालं. शहर तेच, रस्ते तेच, पण राज्यं दोन आणि राजधानी काही वर्षांसाठी एकच. "घोडं एक आणि नवरदेव दोन," असं भाऊ म्हणायचा. आम्ही हसायचो. पण पद्मा ज्या सरकारी ऑफिसात होती तिथं हसू येण्यासारखं काही नव्हतं. माणसांची वाटणी चालली होती. कोण इकडचा, कोण तिकडचा, हे बहुतेक करून शाळा कुठं झाली त्यावरून ठरायचं म्हणे. तिची शाळा गुंटूरकडं झालेली. तिला कोणतं राज्य हवं हेही विचारणार होते, पण मागितलं ते मिळेलच याचा भरवसा नव्हता. वर्षानुवर्षं एका डब्यात जेवलेल्या मैत्रिणी आता वेगवेगळ्या टेबलांवर बसू लागल्या होत्या. माहेरची माणसं फोनवर म्हणायची, ये इकडेच, इथं आपली माणसं आहेत, नवऱ्यालाही इकडं काम मिळेल. श्रीकांत "बघू" म्हणायचा. त्याचं सगळं आयुष्य 'बघू' म्हणण्यात चाललंय. आणि भाऊ काहीच म्हणायचा नाही. एकदा मी त्याला खोदून विचारलं, तर म्हणाला, "तिची नोकरी, तिचं माहेर. मी मधी बोललो तर तिला नाही म्हणता येणार नाही. मग राहिली तरी काय उपयोग?" एवढं बोलून तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. सून, नात, मुलगा, सगळं घर उठून जाईल या भीतीनं तो आतून पोखरला होता. मला ते दिसत होतं, कारण त्याची भूक कमी झाली होती आणि भूक ही भाऊची खरी नाडी होती.

अशात पद्मानं त्याला न विचारता कार्यक्रमासाठी दोघांचं नाव देऊन टाकलं. आबिड्सला एका सभागृहात निवड चाचणी होती. कळल्यावर भाऊ भडकला, "मी काय तमाशातला आहे काय?" आणि पाचव्या मिनिटाला कपाटातून नकाशे काढून बसला. मग जी तयारी सुरू झाली तिचं काय वर्णन करावं! ती भेंडी चिरायची आणि हा समोर स्टुलावर बसून विचारायचा. ती त्याला सिनेमातल्या नट्या शिकवायची. दोघी सख्ख्या बहिणी असलेल्या नट्यांत भाऊचा हमखास गोंधळ व्हायचा, मग पद्मा कपाळाला हात लावायची. "मामय्या, मी तुम्हाला अर्धा मार्क पण देणार नाही," असं तिनं एकदा ऐकवलं. वहिनी गेल्यापासून भाऊ पहिल्यांदा पोट धरून हसला तो त्या दिवशी. दोघांची निवड झाली, आणि मनूनं गल्लीभर सांगून टाकलं.

चित्रीकरणाला आम्ही सगळे गेलो. शहराबाहेर एक मोठं गोदामासारखं घर, आत इतकं थंड की भाऊनं मफलर मागितला. आणि वर एवढे दिवे, की त्याच्या कपाळावर घामही आला. एका पोरीनं त्याच्या तोंडाला पावडर लावली. "लग्नातसुद्धा एवढी लावली नव्हती," असं तो मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाला. आणखी दोन जोड्या होत्या. एक सिकंदराबादची, रेल्वेत नोकरीला असलेला मुलगा आणि त्याची आई. त्या बाई सोवळ्यात असल्यासारख्या अंग चोरून बसल्या होत्या, पण बटणावरचा त्यांचा हात विजेसारखा चालायचा. दुसरी वरंगळची, आजोबा आणि नात. ते आजोबा प्रत्येक उत्तराआधी डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचे आणि तेवढ्यात वेळ संपायची. मधल्या सुट्टीत सगळ्यांना एकत्रच इडल्या दिल्या. तिथं या तिन्ही म्हाताऱ्यांची जी गट्टी जमली ती पाहून नव्या पिढीला आपण आलोय कशाला असं वाटलं असेल. सिकंदराबादच्या बाईंनी भाऊला चटणी कशी करावी ते सांगितलं आणि भाऊनं त्यांना काकतीयांचा इतिहास ऐकवला. दोघांनीही एकमेकांचं ऐकलं नाही, पण फार समाधानानं.

खेळ छान चालला होता. आमची जोडी आणि सिकंदराबादची जोडी बरोबरीनं शेवटच्या फेरीत गेल्या. या फेरीचा नियम असा की बटण वडीलधाऱ्यानं दाबायचं, उत्तरही त्यानंच द्यायचं. पण धाकट्याला ते उत्तर बदलण्याची एक संधी, फक्त एकदाच. प्रश्न सोपे, पोराटोरांना यावेत असे, पण झरझर विचारायचे. चमचमता कोट घातलेला तो निवेदक शेवटचा प्रश्न विचारायला उभा राहिला. आपल्याला स्वातंत्र्य मिळालं तो दिवस आणि महिना सांगा, एवढंच त्यानं तेलुगूत विचारलं. भाऊनं प्रश्न संपायच्या आधीच बटण दाबलं आणि वर्गात सांगावं तसं खणखणीत सांगितलं, "सप्टेंबरची सतरा."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. इतिहासाचे मास्तर, आणि स्वातंत्र्यदिन चुकले! मला मात्र हसू आलं नाही. मला माहीत होतं हे उत्तर कुठून आलं ते.

आमच्या लहानपणी पंधरा ऑगस्ट शाळेचा आणि सतरा सप्टेंबर घरचा. शाळेत झेंडा, कवायत आणि एक लाडू. पण पुरण शिजायचं ते सप्टेंबरात. देश स्वतंत्र झाला त्यानंतर वर्षभर निजामाचं राज्य तसंच होतं आणि त्या वर्षात रझाकारांच्या धास्तीनं आमच्यासारखी कितीतरी घरं हद्दीपलीकडं गेली. आई सात वर्षांच्या भाऊला घेऊन सोलापूरला मामाकडं गेली. वडील कोर्टात नोकरीला, ते इथंच राहिले. पुढं पत्रं थांबली. भाऊ रोज सोलापूरच्या घराच्या ओट्यावर बसून रस्त्याकडं बघायचा, असं आई सांगायची. मामी जेवायला बोलवायची तर "बाबा आले की जेवतो" म्हणायचा आणि मग झोप येऊन तिथंच आडवा व्हायचा. शेजारच्या करीमसाहेबांच्या घरातून वडिलांना दोन वेळा डबा येत होता आणि ते सुखरूप होते, हे तिकडं कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी भारताच्या फौजा आल्या, लोक त्याला पोलीस ॲक्शन म्हणायचे, सतरा सप्टेंबरला निजाम शरण आला आणि काही दिवसांनी वडील दाढी वाढलेल्या अवस्थेत सोलापूरला येऊन उभे राहिले. भाऊनं त्यांना ओळखलंच नाही. ओळखलं तेव्हा असा काही बिलगला की जेवतानाही मांडीवरून उतरेना. मी पुढल्या वर्षी जन्मले, म्हणून सगळे मला 'पोलीस ॲक्शनची पोर' म्हणून चिडवायचे. तर भाऊसाठी स्वातंत्र्य म्हणजे ते होतं. मुलांना त्यानं आयुष्यभर पंधरा ऑगस्टच शिकवला, पेपरातही तोच बरोबर धरला. पण घाईत विचारलं तेव्हा मास्तरानं उत्तर दिलं नाही, ओट्यावरच्या पोरानं दिलं.

चूक त्याच्या लगेच लक्षात आली. त्यानं पद्माकडं बघितलं, आणि त्या बघण्यात सरळ सरळ विनवणी होती... बदल, बदल पोरी, संधी शिल्लक आहे. निवेदकानंही तेच विचारलं. मॅडम, उत्तर बदलायचंय? पद्माला खरं उत्तर माहीत नसणं शक्यच नव्हतं. ते दुसरीतल्या मुलाला माहीत असतं. तिनं भाऊकडं पाहिलं, मग समोर. "नाही," ती म्हणाली. "उत्तर बदलायचं नाही." निवेदक गोंधळला. त्यानं पुन्हा विचारलं, खात्री आहे ना? तेव्हा ती जे बोलली ते तेलुगूतच बोलली, पण मला ते मराठीतच आठवतं. "हैदराबादवाल्यांना त्याच दिवशी मिळालं. आमच्या घरी तोच दिवस असतो."

गुंटूरकडची मुलगी. तिच्या माहेरी त्या तारखेचं कुणाला काही सोयरसुतक नाही. ज्या आठवड्यात ऑफिसात तिला रोज कुणी ना कुणी विचारत होतं, तू इकडची की तिकडची, त्याच आठवड्यात ती एवढ्या दिव्यांखाली बसून 'आमच्या घरी' म्हणाली. टाळ्या पडल्या, काही मनापासून, काही गंमत म्हणून. उत्तर अर्थातच चूक धरलं गेलं. धरायलाच हवं होतं. सिकंदराबादच्या माय-लेकरांना वॉशिंग मशीन मिळालं आणि आम्हाला कुकर.

परतताना गाडीत भाऊ इतका तापला होता की विचारू नका. "चूक उत्तर समोर दिसतंय, हातात संधी आहे, आणि बदलायचं नाही? याला काय म्हणायचं?" पद्मा खिडकीबाहेर बघत शांतपणे म्हणाली, "मामय्या, दुसऱ्या कुणाचं असतं तर बदललं असतं." भाऊ आणखी काहीतरी बोलणार होता. त्यानं तोंड उघडलंसुद्धा... आणि मिटलं. कोठीचा बाजार आला तसा तो एकदम श्रीकांतला म्हणाला, "गाडी बाजूला घे रे हल्लू. मिरची खाऊ." आम्ही फुटपाथवर उभं राहून गरम मिरची भजी खाल्ली. भाऊनं तीनदा मागून घेतली. कित्येक महिन्यांनी त्याला भूक लागलेली मी पाहत होते आणि मला इतकं बरं वाटलं की माझ्या वाटची पण मी त्याला देऊन टाकली.

कार्यक्रम टीव्हीवर दिसला तेव्हा गल्लीत महिनाभर करमणूक झाली. जुने विद्यार्थी फोन करून म्हणायचे, "सर, आता आमचा तो अर्धा मार्क द्या." भाऊ म्हणायचा, "मला मिळाला नाही, तुला कुठून देऊ?" कोठीतला जुन्या पुस्तकांचा दुकानदार मात्र त्याला बघून उभा राहिला. "मास्टरसाब, तुम्हारी बहू जो बोली ना, हमारे दिल की बात बोली," असं म्हणून त्यानं चहा पाजला. भाऊ ती गोष्ट पुढं मला इतक्यांदा सांगत आला, की दर वेळी तो चहा अधिक गोड होत गेला.

कथा असती तर पद्माला हैदराबाद मिळालं असतं आणि मी इथं पूर्णविराम दिला असता. तसं झालं नाही. तिनं हैदराबाद मागितलं, पण वाटणीत ती आंध्राकडंच गेली. काही काळ त्यांचं ऑफिस इथंच चाललं, मग एक दिवस सगळी खाती तिकडं हलली. त्या संध्याकाळी आम्ही सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसलो होतो. भाऊनंच विषय काढला. "मनूची शाळा इथं, श्रीकांतचं काम इथं. पद्मा, तुझं काय म्हणणं?" ती म्हणाली, "नोकरी तिकडं करते. घर इथंच ठेवते. दर शुक्रवारी येईन." भाऊ म्हणाला, "ये. मी येतो स्टेशनवर." संपली चर्चा. पुढं लोकांनी नाना प्रश्न विचारले, हे असं किती दिवस चालणार म्हणून. चाललं. वर्षानुवर्षं चाललं.

दर शुक्रवारी संध्याकाळी भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून सिकंदराबाद स्टेशनावर जायचा. गाडीची वेळ झाली की नव्हे, तिच्या पुष्कळ आधी. आमच्यात सासऱ्यानं सुनेला आणायला स्टेशनवर जायची काही रीत नाही. नवरा जातो, नाहीतर दीर जातो, नाहीतर ती आपली रिक्षा करून येते. श्रीकांत म्हणायचा, "बाबा, मी जातो ना." भाऊ म्हणायचा, "नको, तुला ऑफिस आहे. मी रिकामाच आहे." ते कारण नव्हतं. ज्या माणसानं लहानपणी ओट्यावर बसून वाट पाहिली, त्याला घरात बसून कुणाची वाट पाहणं या जन्मी जमणार नव्हतं. तो पुढं जाऊन उभा राहायचा. ती डब्यातून उतरली की हा आधी एक प्रश्न विचारायचा. अमुक तह कुठं झाला, तमुक नदी कुठं मिळते. उत्तर बरोबर आलं तर चहा भाऊचा, चुकलं तर चहा तिचा. ती कधी कधी मुद्दाम चुकायची, हे मला तिनंच सांगितलं. गुडघे धरले, हातात काठी आली, डॉक्टर ओरडले, तरी शुक्रवार सुटला नाही. शेवटच्या शुक्रवारीही तो गेला होता. रविवारी मी त्याच्याकडं जेवायला होते. तो म्हणाला, "या वेळेला गाडी वेळेवर आली बघ." त्याच्या आवाजात असं काही समाधान होतं, जणू गाडी त्यानंच चालवत आणली होती. आमचं शेवटचं बोलणं ते.

तर आमच्या त्या नातलगांना हे उत्तर. रात्रभर आम्ही थांबलो ते सुनेसाठी नाही. भाऊला तिची वाट पाहायची सवय होती, ती आम्ही मोडली नाही. ती आली, त्याच्या पायाशी बसली आणि मग सकाळी आम्ही त्याला नेलं.

दिवसवार झाले. पद्मा कामावर रुजू झाली. जाताना तिनं बजावून सांगितलं होतं की शुक्रवारी कुणी यायचं नाही, मी रिक्षा करून येईन, मी काय लहान आहे का. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी शुक्रवारी दुपारपासून स्वतःला समजावत होते, की सुधाबाई, तुझे गुडघे काय म्हणतात ते ऐक आणि घरी बस. शेवटी कुणाला न सांगता रिक्षा केली आणि सिकंदराबादला गेले. फलाटावर पोचते तर बाकावर श्रीकांत. मला बघून ओशाळला, "इकडं काम होतं जरा..." म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो 'बघू' न म्हणता कुठं गेला असेल. आम्ही दोघं एकमेकांची फिरकी घेतोय तोवर जिन्यावरून मनू धावत आली. कॉलेजातून परस्पर आली होती आणि आम्हाला बघून म्हणाली, "तुम्ही कशाला आलात? मी होते ना!"

गाडी आली. पद्मा उतरली आणि आम्हाला तिघांना ओळीनं उभं पाहून थबकली. हसावं की रडावं ते तिला कळेना, मग दोन्ही झालं. आमच्यापैकी कुणाकडंच विचारायला प्रश्न नव्हता. तसं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि माहेरच्या लोणच्याची बरणी श्रीकांतच्या हातात दिली, तांदळाची पिशवी मनूच्या हातात, कपड्यांची माझ्या. माझी पिशवी मला दोन पावलांतच जड झाली आणि मी ती या हातातून त्या हातात घेतली.

"हे सगळं मामय्या एकटे उचलायचे," पद्मा म्हणाली.